शिट्टी कुणाच्या हाती

गांधीजींच्या वर्धा शिक्षण योजनेचं मूळ वेळापत्रक वाचताना एक आकडा डोळ्यांत भरतो. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्यात शिक्षण परिषद भरली. तिथे डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि काही आठवड्यांतच तिने सात वर्षांच्या शिक्षणाचा आराखडा तयार केला. शाळेचा दिवस साडेपाच तासांचा. त्यातले ३ तास २० मिनिटं मूलोद्योगाला, संगीत, चित्रकला आणि गणित मिळून ४० मिनिटं, मातृभाषेला ४०, सामाजिक अभ्यास व सामान्य विज्ञानाला ३०, मधल्या सुट्टीला १० आणि शारीरिक शिक्षणाला १०. व्यायामाला मधल्या सुट्टीइतकाच वेळ. ही नजरचूक खासच नव्हती. जे मूल रोज तीन तासांहून अधिक वेळ हातांनी काम करतं, सूत काततं, वाफे खणतं, पाणी वाहतं, त्याला आणखी वेगळा व्यायाम कशाला, असा विचार त्यामागे दिसतो. दक्षिण आफ्रिकेत टॉल्स्टॉय फार्मवर गांधीजींनी हेच अनुभवलं होतं. खड्डे खणणं, लाकडं तोडणं, ओझी वाहणं यांतच मुलांना पुरेसा व्यायाम होई आणि त्यात ती रमतही. त्यामुळे निराळ्या खेळांची फारशी गरज पडत नसे, असं त्यांनी आत्मकथेत नोंदवलं आहे.

पण त्याच आत्मकथेत याच्या उलट टोकाचा एक प्रसंग आहे आणि तो नेमका मोठ्या मुलांबद्दलचा आहे. राजकोटच्या हायस्कुलात दोराबजी एदलजी गिमी या हेडमास्तरांनी वरच्या वर्गांतल्या मुलांना कसरत आणि क्रिकेट सक्तीचं केलं. लाजाळू मोहनदासला ते मुळीच आवडलं नाही. खेळाचा आणि शिक्षणाचा काही संबंध नाही असं त्याला तेव्हा वाटे. पुढे गांधीजींनी हा समज चुकीचा ठरवला आणि अभ्यासक्रमात शरीराच्या शिक्षणाला बुद्धीच्या शिक्षणाइतकंच स्थान हवं, असं स्पष्ट म्हटलं. समान स्थानाचा हा आग्रह आणि आराखड्यातली ती दहा मिनिटं यांचा मेळ सहज बसत नाही. हा आराखडा सात ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी होता, हे लक्षात घेतलं तर गाठ थोडी सुटते. लहान मुलाला हालचाल हवी असते आणि ती श्रमातून मिळू शकते. चौदाव्या वर्षानंतर प्रश्नच बदलतो. शरीर झपाट्याने वाढलेलं असतं, बरोबरीच्यांचं मत घरच्यांच्या मतापेक्षा जड वाटू लागतं आणि आपल्यावर कुणीतरी काही सोपवावं अशी तीव्र इच्छा असते. या वयाला खेळ द्यायचा तर नुसता खेळायला देऊन भागत नाही, चालवायला द्यावा लागतो. तो कसा चालवायला द्यावा, याचं शिक्षण या योजनेचं केंद्र ठरलेल्या सेवाग्रामने दिलं आहे. फक्त ते त्याने खेळाच्या तासाला दिलेलं नाही.

१९३८ मध्ये हरिपुरा काँग्रेसने योजनेला मान्यता दिल्यावर हिंदुस्तानी तालिमी संघाचं काम सेवाग्रामात उभं राहिलं. ई. डब्ल्यू. आर्यनायकम आणि आशादेवी यांनी ते वाढवलं. जानेवारी १९४५ च्या परिषदेत नई तालीमचा, म्हणजे याच योजनेचा, विस्तार पूर्वबुनियादीपासून प्रौढ शिक्षणापर्यंत झाला आणि चौदा ते अठरा वयाचा टप्पा ‘उत्तर बुनियादी’ म्हणून वेगळा धरला गेला. या टप्प्यावर विद्यार्थ्याने आपल्या निर्वाहापुरतं स्वतः कमवावं, अशी अपेक्षा होती. आजच्या चर्चेत स्वावलंबनाच्या या आर्थिक बाजूचीच आठवण निघते. मला मात्र दुसरी बाजू अधिक मोलाची वाटते. सेवाग्रामच्या मुलांनी आपल्यातून मंत्री निवडायचे, स्वयंपाक, सफाई, आरोग्य अशी खाती त्यांच्याकडे द्यायची, मुदत संपली की त्यांनी सर्वांच्या सभेत हिशेब द्यायचा आणि जागा दुसऱ्याला मोकळी करायची, अशी तिथली रीत होती. सफाईचा मंत्री झाडूही धरे. स्वयंपाकाचा अंदाज चुकला तर ताटात कमी पडे, आणि ते सगळ्यांना कळे. पुढारीपणाचे धडे देणाऱ्या आजच्या शिबिरांत नेमकं हेच नसतं. तिथे भाषण असतं, गटचर्चा असते, प्रमाणपत्र असतं. पण ज्याच्या चुकीने खरोखर कुणाचं काही अडेल असं काम नसतं.

आता नववी ते बारावीच्या खेळाच्या तासाचं सर्वसाधारण रूप पाहा. शिट्टी शिक्षकाच्या हाती. तालुका किंवा जिल्हा स्पर्धेत उतरणारा दहा-बारा जणांचा संघ सराव करतो, उरलेला वर्ग झाडाखाली बसतो, आणि दिवाळीनंतर तो तास गणिताला किंवा विज्ञानाला दिला जातो. कर्णधार म्हणजे सर्वांत चांगला खेळणारा. त्याचं काम म्हणजे नाणेफेक करणं आणि चषक स्वीकारणं. या व्यवस्थेतून पुढारीपण घडतं असं आपण धरून चालतो. खेळाने चारित्र्य घडतं, हे वाक्य पारितोषिक समारंभात इतक्यांदा ऐकलेलं असतं की त्याचा पुरावा कुणी मागत नाही.

तो मागितला गेला, तेव्हा उत्तर निराशाजनक आलं. ब्रूस ओगिल्व्ही आणि थॉमस टुटको या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षं खेळाडूंच्या व्यक्तिमत्त्वाचा अभ्यास करून १९७१ साली लिहिलं की खेळाने चारित्र्य घडतं या समजुतीला आधार सापडत नाही. चिकाटीचे, कणखर लोक खेळात टिकतात आणि आपण त्याचं श्रेय खेळाला देतो, असं त्यांचं म्हणणं. शिकागोत डॉन हेलिसन यांनी अडचणीत वाढणाऱ्या किशोरांबरोबर वर्षानुवर्षं काम केलं. त्यांनी जबाबदारीच्या पायऱ्या मांडल्या: आधी इतरांचा मान राखणं, मग प्रयत्नपूर्वक सहभागी होणं, मग स्वतःला स्वतः चालवणं, मग दुसऱ्याला मदत करणं, आणि सर्वांत वर हे सारं मैदानाबाहेरच्या आयुष्यात नेणं. ही शेवटची पायरी आपोआप चढली जात नाही, हा त्यांच्या आणि त्यांच्यानंतरच्या अभ्यासकांच्या कामाचा मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा निष्कर्ष. मैदानावर संयमी असलेला मुलगा घरी संयमी असेलच असं नाही. ती जोडणी कुणीतरी मुद्दाम करून द्यावी लागते. नई तालीमच्या भाषेत सांगायचं तर समवाय, म्हणजे दोहोंची सांगड, साधावा लागतो. उद्योग आणि ज्ञान शेजारी ठेवल्याने तो साधत नाही.

मुलांकडे खेळ सोपवण्याचा सर्वांत पद्धतशीर प्रयोग ओहायोच्या डॅरिल सीडेंटॉप यांनी केला. १९८० च्या दशकात त्यांनी खेळाच्या तासाची रचनाच बदलली. एकाच खेळाचा दीर्घ हंगाम, हंगामभर न बदलणारे संघ, आणि प्रत्येक विद्यार्थ्याकडे खेळण्याखेरीज आणखी एक काम: कुणी प्रशिक्षक, कुणी पंच, कुणी गुणलेखक, कुणी साहित्याचा प्रमुख. न्यूझीलंडच्या माध्यमिक शाळांत आणि इतरत्र ही रचना आजमावली गेली, तेव्हा एरवी कडेला उभी राहणारी, खेळात कच्ची मुलं अधिक उत्साहाने उतरलेली दिसली. संघ टिकून राहणार असेल तर कच्च्या खेळाडूला शिकवणं ही संघाचीच गरज होते. पण याच अभ्यासांत दोन दोषही आढळले. दांडगी मुलं अधिकाराची कामं बळकावतात आणि मुलींकडे किंवा गरीब स्वभावाच्यांकडे गुण लिहिण्याचं काम उरतं. शिवाय विद्यार्थी-प्रशिक्षकाची खेळाची समज उथळ असेल, तर तो मित्रांना फार काही शिकवू शकत नाही. वेळ जातो, कौशल्य वाढत नाही. हे दोष सांगितल्याशिवाय त्या पद्धतीची शिफारस करणं अप्रामाणिकपणाचं होईल. सेवाग्रामकडे वळण्याचं माझं कारणही हेच आहे. पहिल्या दोषावर फिरत्या खात्यांचा नियम लागू पडतो: मुदत संपली की शिट्टी सोडायची आणि फक्की मारायचं काम घ्यायचं, कुणालाही अपवाद नाही. जिथे सफाईचं काम जातीने ठरत आलं त्या समाजात सेवाग्रामने सर्वांच्या हाती झाडू दिला. मैदानात पाणी मारणं, खडे वेचणं, मॅट उचलून ठेवणं ही कामं कुणाच्या वाट्याला येतात, हे पाहिलं तर शाळेत समता किती मुरली आहे ते लगेच दिसतं.

दुसऱ्या दोषाचं उत्तर अधिक कष्टाचं आहे, कारण तिथे खेळाला उद्योगाइतक्या गंभीरपणे घ्यावं लागतं. नई तालीमच्या शिक्षकाने कताई घेतली की तारा मोजल्या जात. ४ फुटांची एक तार, ६४० तारांची एक गुंडी. सूत किती निघालं, किती तुटलं, पेळू कसा होता, याची नोंद होई आणि त्या नोंदीतून गणित पुढे जाई. खो-खो घ्या. १९१४ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर त्याचे नियम बांधले गेले आणि तेव्हापासून हा खेळ मराठी शाळांच्या मैदानावर आहे. पंधरा वर्षांच्या मुलीला सातवीच्या संघाची प्रशिक्षक नेमलं, तर तिला आधी पाहायला शिकावं लागेल. आठ जण आळीपाळीने विरुद्ध दिशांना तोंड करून बसलेत, नववी धावते आहे. ती दिशा बदलू शकत नाही, बसलेल्यांच्या मधून पलीकडे जाऊ शकत नाही. मग पळणारी सुटते कुठे? खांबापाशी की मध्यात? खो उशिरा मिळाला म्हणून, की खो मिळाल्यावर उठायला वेळ लागला म्हणून? एकसाखळी खेळणारी एकदम गोलात का शिरली? डोळ्यांसमोरून अर्ध्या सेकंदात निघून जाणारी ही घटना तिला वहीत उतरवायची आहे, कारण सांगायचं आहे, आणि ते बारा वर्षांच्या मुलीला कळेल अशा एका वाक्यात सांगायचं आहे. ‘नीट पळ’ हे वाक्य चालणार नाही. ‘खो ऐकू येण्याआधीच पुढच्या पायावर वजन घे’ हे चालेल. निरीक्षण, कारणमीमांसा आणि नेमकी भाषा यांचा एवढा दाट अभ्यास एका तासात देणारा दुसरा विषय मला शाळेत दिसत नाही.

मैदान आखण्यातही असंच आहे. मुलींच्या कबड्डीचं मैदान १२ मीटर लांब आणि ८ मीटर रुंद. बाजू मोजून दोऱ्या ताणल्या तरी कोपरे काटकोनात येतीलच असं नाही. दोन्ही कर्ण १४.४२ मीटर भरले, तर चौकट खरी. दहावीच्या पुस्तकातला पायथागोरस इथे मोजपट्टीच्या टोकाशी उभा राहतो, आणि आखणी चुकली तर निदान रेषेवरून भांडण होऊन ते लगेच कळतं. पंचाचं काम तर यापेक्षा कठीण आहे. तीस सेकंदांच्या चढाईत स्पर्श झाला की नाही हे ठरवायचं, आपल्याच वर्गातल्या मैत्रिणीविरुद्ध ठरवायचं आणि ओरडा झाला तरी आवाज न चढवता ठाम राहायचं. निर्णय चुकला असं लक्षात आलं तर पुढच्या निर्णयात त्याची भरपाई करायची नाही, हेही शिकायचं. न्यायाची ही सवय नागरिकशास्त्राचं पुस्तक लावू शकत नाही.

विदर्भात या विचाराचे दोन शेजारी आहेत, आणि त्यांच्यासमवेत सेवाग्राम पाहिलं की चित्र पुरं होतं. अमरावतीचं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ वैद्य बंधूंनी १९१४ साली स्थापन केलं. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथल्या पथकाने भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं केली. व्यायामशिक्षक घडवण्याचं मोठं काम या संस्थेने केलं. देशी खेळांना शास्त्र आणि शिस्त दिली. खेळाची जी जाण सेवाग्रामच्या वेळापत्रकात दहा मिनिटांत आटोपली होती, ती इथे भरपूर होती. दुसरा शेजारी नागपूरचा. हिस्लॉप कॉलेजातले क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी २००१ मध्ये झोपडपट्टीतल्या मुलांसाठी फुटबॉल सुरू केला. ‘झुंड’ चित्रपटामुळे हे नाव घरोघरी पोचलं, पण चित्रपट स्पर्धेपाशी थांबतो. त्या कामाचा मला अधिक टिकाऊ वाटणारा भाग पुढचा आहे: तिथे खेळून मोठी झालेली मुलं स्वतः प्रशिक्षक झाली आणि पुढच्या मुलांना शिकवू लागली. शाळेने जे करायला हवं, ते शाळेबाहेर झालं.

आता आक्षेप. पहिला सेवाग्रामच्या बाजूनेच येईल: स्पर्धा सहकाराला मारक आहे, नई तालीमच्या मुळाशी ती बसत नाही. या आक्षेपात तथ्य आहे. केवळ जिंकण्यासाठी चालणारा खेळ कच्च्यांना बाहेर बसवतो, हे वर आलंच आहे. पण खेळातली स्पर्धा म्हणजे दोन्ही बाजूंनी आधी एकमताने नियम मान्य करून केलेलं कामही असतं. प्रतिस्पर्धी नसेल तर खेळच नाही. अल्टिमेट फ्रिस्बी या खेळात जागतिक स्पर्धांतसुद्धा खेळाडू स्वतःच नियमभंग पुकारतात आणि वाद आपसांत सोडवतात. शाळेत एवढं करता येईल की प्रत्येक सामन्याचे पंच तिसऱ्या संघाचे असतील आणि सामन्यानंतर दोन्ही संघ एकत्र बसून हिशेब मांडतील. हार पचवायला शिकवण्याची दुसरी सुरक्षित जागा शाळेकडे आहे कुठे? परीक्षेतली हार एकट्याने, लपून भोगावी लागते.

दुसरा आक्षेप टॉल्स्टॉय फार्मचाच: श्रम असताना खेळ कशाला? वर्धा जिल्ह्यातल्या कापूस पिकवणाऱ्या घरांतल्या मुलींना वेचणीच्या दिवसांत श्रम कमी नसतात. तिथे शरीर थकतं, पण ठरवायचं काहीच नसतं. कुठल्या ओळीपासून सुरुवात, किती वेळ, किती मोल, सारं मोठ्यांनी ठरवलेलं. मैदानावर तीच मुलगी डाव आखते, बदलते, चुकते, पुन्हा आखते. सेवाग्रामच्या श्रमाला शिक्षणाचं मोल आलं ते त्यात मुलांचा निर्णय होता म्हणून, घाम होता म्हणून नव्हे. मुलींच्या बाबतीत हा मुद्दा अधिक निकडीचा आहे. २०१६ पर्यंतच्या, १४६ देशांतल्या सुमारे १६ लाख विद्यार्थ्यांच्या माहितीवर आधारलेल्या अभ्यासात ११ ते १७ वयाची ८१ टक्के मुलं पुरेशी हालचाल करत नसल्याचं दिसलं; मुलग्यांत ७८ टक्के, मुलींत ८५. आपल्याकडे घरकाम, कपड्यांची अडचण, पाळीचे दिवस, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या नजरा यांमुळे आठवी-नववीत मैदान सुटतं. या अडचणी नवख्या शिक्षकाशी बोलता येत नाहीत, पण दोन वर्षांनी मोठ्या, त्याच गावातल्या ताईशी बोलता येतात.

तिसरा आक्षेप सुरक्षिततेचा, आणि तो मला सर्वांत गंभीर वाटतो. मुलांच्या हाती मुलं सोपवायची? मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी २००५ मध्ये दाखवलं की गाडी चालवण्याच्या संगणकीय खेळात किशोरवयीन मुलं एकटी असतानापेक्षा मित्रांसमोर अधिक धोका पत्करतात. मोठ्या माणसांत असा फरक पडला नाही. म्हणून शिक्षकाने मैदान सोडायचं नाही, ही पहिली अट. शिट्टी मुलांकडे, देखरेख शिक्षकाकडे. विद्यार्थी-प्रशिक्षकाला कौशल्याआधी प्रथमोपचार यायला हवेत: मानेवर पडलेल्याला हलवायचं नाही, डोक्याला मार लागलेल्याला ‘बरं वाटतंय’ म्हणाला तरी त्या दिवशी पुन्हा उतरवायचं नाही. वर्ध्याच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांकडे जातो, तेव्हा सराव सकाळी लवकर, पाण्याची सुट्टी ठरलेली, आणि घाम थांबलेल्या किंवा बरळणाऱ्या मुलाला लगेच सावलीत नेऊन अंगावर पाणी ओतायचं आणि ताबडतोब दवाखाना गाठायचा; बरळणाऱ्याच्या तोंडात पाणी घालायचं नाही. सेवाग्रामात १९६९ पासून महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था आहे आणि तिचे विद्यार्थी खेड्यांत जाऊन काम करतात. हे प्रशिक्षण त्यांच्याकडून मिळवणं शाळांना अवघड जाऊ नये. शिक्षा म्हणून उठाबशा किंवा फेऱ्या मारायला लावण्याचा अधिकार मात्र विद्यार्थी-प्रशिक्षकाला कधीच देऊ नये. इंग्लंडच्या निवासी शाळांत मोठ्या मुलांना लहानांवर शिक्षेचा अधिकार मिळाला, आणि त्यातून पुष्कळदा दंडेलीच वाढली. मंत्र्याला खातं मिळतं, काठी मिळत नाही.

उरला परीक्षेचा प्रश्न, ज्याच्यापुढे बहुतेक मुख्याध्यापक हात टेकतात. दहावी-बारावीला क्रीडा सवलतीचे गुण मिळतात खरे, पण ते जिल्हा, विभाग, राज्य अशा स्पर्धांपर्यंत पोचलेल्यांना. उत्तम पंच, उत्तम गुणलेखक, गावातल्या तीस पोरांना वर्षभर नेमाने शिकवणारी मुलगी यांच्या वाट्याला त्यातलं काही येत नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने अभ्यास आणि अभ्यासेतर उपक्रम यांच्यातली भिंत काढायचं ठरवलं आहे, तेव्हा याचं मूल्यमापन शाळेला आपल्या पातळीवर आजही करता येईल. नववीत दोन महिने प्रशिक्षकाचं काम, दोन महिने पंचाचं, दोन महिने मैदान आणि साहित्याचं. आठवड्याचे दोनच तास, पण दुसऱ्या विषयाला न देता येणारे. वर्षाअखेरीस त्या विद्यार्थिनीला स्वतः पळून दाखवायला सांगायचं नाही. तिने शिकवलेल्या सहावीच्या मुली मैदानात उतरतील आणि जूनच्या नोंदीशी त्यांची तुलना होईल: तेव्हा खो उशिरा देणाऱ्या किती होत्या, आता किती, आणि कोण मधेच सोडून गेली. जी सोडून गेली, तिच्याबद्दल प्रशिक्षकाला सभेत प्रश्न विचारले जातील. कदाचित ती कापूस वेचायला गेली असेल, कदाचित कुणी तिला हसलं असेल. कारण शोधून, तिच्या घरी जाऊन येऊन मग उत्तर द्यायचं. गुण त्या उत्तराचे.